आठवणीतला मारिओ इतका सोपा कसा?

नाशिकमध्ये ज्यांची शाळा नव्वदच्या दशकात किंवा त्यानंतरच्या चार-सहा वर्षांत झाली, त्यांच्यासमोर व्हिडिओ गेमचा विषय काढून बघा. मारिओ, कॉन्ट्रा, टँक आणि बदकं मारायचा तो बंदुकीचा गेम, ही नावं हमखास येतात. मग पार्लरमधला ‘मुस्तफा’ निघतो, सायबर कॅफेतला व्हाइस सिटी निघतो. कुणीतरी हौसेनं मोबाइलवर जुना मारिओ टाकतो, पाच-सात मिनिटं खेळतो, तिसऱ्यांदा खड्ड्यात पडतो आणि फोन खिशात ठेवतो. ‘तेव्हा मजा यायची यार,’ एवढंच म्हणतो.

त्याच माणसाला २०१४ चा शॉव्हल नाइट किंवा २०१६ चा स्टारड्यू व्हॅली खेळायला द्या. दिसायला दोन्ही जुन्या गेमसारखेच, चौकोनी ठिपक्यांचे. हा गडी रात्री एक वाजेपर्यंत उठत नाही आणि वर सांगतो, अगदी लहानपणासारखं वाटलं.

म्हणजे खरा लहानपणचा गेम लहानपणासारखा वाटत नाही, आणि परक्या देशात कुणी एकट्यानं किंवा चार-पाच जणांनी मिळून केलेला नवा गेम मात्र तसा वाटतो. अशा गेमना हल्ली इंडी गेम म्हणतात: मोठ्या कंपनीच्या पैशांशिवाय, छोट्या टोळीनं स्वतःच्या मर्जीनं केलेले. माझ्या मते हे लोक जुन्या यंत्राची नक्कल करतच नाहीत. ते आपल्या आठवणीची नक्कल करतात. यंत्र आणि आठवण यांच्यात केवढं अंतर आहे, ते कळायला आधी यंत्र उघडून बघावं लागेल.

त्या डब्यात काय होतं

जुलै १९८३ मध्ये निन्टेंडो कंपनीनं जपानमध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र विकायला काढलं. आपल्या घरांत टीव्हीला जोडले जायचे ते लिटल मास्टर, टर्मिनेटर वगैरे नावांचे सेट ही बहुतांशी त्याचीच नक्कल. नंतरच्या स्वस्त सेटमध्ये तर आख्खं यंत्र एकाच चिपमध्ये कोंबलेलं असायचं. स्क्रू काढून आत बघितलं असेल तर पाटीवर एक काळा गोळा दिसला असेल, त्या गोळ्याखाली ती चिप. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ छापलेलं असे, पण यादीत खाली जात राहिलं की तेच गेम वेगळ्या नावानं, कुठे पुढच्या स्टेजपासून, परत परत यायचे. वेगळे गेम जेमतेम काही डझन.

फॅमिकॉमचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे १८ लाख ठोके देई. कामाची मेमरी होती २ केबी, म्हणजे सुमारे दोन हजार बाइट. देवनागरीतलं एक चिन्ह आजच्या संगणकात साठवायला ३ बाइट लागतात, म्हणजे २ केबीत आपली जेमतेम ६८० चिन्हं बसतील. जरा मोठा परिच्छेद झाला की संपलं. मारिओ कुठे आहे, किती लाइफ उरल्या, कोणतं कासव कुठल्या दिशेनं चाललंय, किती नाणी झाली, हा सगळा हिशेब तेवढ्याशा जागेत. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स हा आख्खा गेम चित्रं, आवाज आणि स्टेजसकट ४० केबीचा आहे. सकाळी नातेवाईक पाठवतात त्या ‘शुभ प्रभात’च्या फोटोलाही साधारणपणे त्याहून जास्त जागा लागते.

मग जागा वाचवायला काय काय केलं होतं बघा. मारिओमधले ढग आणि जमिनीवरची झुडपं हा एकच आकार आहे; वर पांढरा रंग, खाली हिरवा. स्क्रीन फक्त उजवीकडे सरकते, मागे जाता येत नाही. चित्राच्या मेमरीत फार तर दोन स्क्रीन मावत. मागे पडलेला भाग पुसून तिथेच पुढचा मांडला जाई. हलणाऱ्या आकृत्या एका आडव्या रेषेत आठच दाखवता येत. नववी आली की ती गायब. म्हणून प्रोग्रामर दर वेळी वेगळ्या आकृतीला गायब करत, आणि आपल्याला सगळ्याच लुकलुकताना दिसत. गर्दी झाली की गोळ्या लुकलुकायच्या, त्याचं कारण हे. टीव्ही बिघडलेला नव्हता.

कॉन्ट्राचा तिसरा टप्पा म्हणजे धबधबा. दोघं खेळत असताना वरचा उड्या मारत पुढे गेला की स्क्रीन त्याच्याबरोबर वर जाई आणि खाली राहिलेला मरे. या एका गोष्टीवरून सख्ख्या भावांत रिमोट फेकून मारामाऱ्या झालेल्या आहेत. (तेव्हा कंट्रोलरला रिमोटच म्हणायचे.) दोष भावाचा नव्हता. स्क्रीन एकच होती, आणि दोघांना सामावून घेण्याएवढी ती मोठी होऊ शकत नव्हती.

आणि हे गेम कठीण का होते? एक तर ही मंडळी पार्लरच्या धंद्यातून आलेली. तिथे खेळणारा लवकर मेला तरच पुढचं नाणं पडतं. दुसरं कारण पुन्हा जागेचं. ४० केबीत मावतील तेवढ्याच स्टेज देता येतात, आणि त्या महिनोन्महिने पुरवायच्या तर खेळणाऱ्याला पुन्हा पुन्हा मारण्याला पर्याय नाही. सरावलेले लोक शॉर्टकटनं सुपर मारिओ पाच मिनिटांच्या आत संपवतात, एवढाच तो लांबीला आहे. बाकीचे सगळे तास आपण पडण्यात घालवले.

कॉन्ट्रात तीस लाइफ मिळवायची ‘वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए’ ही कळ जवळपास प्रत्येक गल्लीत माहीत होती. इंटरनेट नसताना ती कशी पसरली हा वेगळाच विषय. तिचा उगम मात्र ठाऊक आहे. कोनामी कंपनीतले काझुहिसा हाशिमोतो १९८६ च्या सुमारास ग्रेडियस हा गेम घरच्या यंत्रावर आणत होते. तपासण्यासाठी तो खेळायचा तर त्यांना स्वतःलाच झेपेना. म्हणून त्यांनी आपल्यापुरती ही चोरवाट ठेवली आणि ती तशीच गेममध्ये राहून गेली. गेम बनवणाऱ्यालाच तो जमत नव्हता, मग आपली काय कथा.

त्यातून लाइट. मारिओत खेळ साठवून ठेवायची सोयच नव्हती. त्यासाठी कॅसेटमध्ये बॅटरी लागे, ती महाग. वीज गेली की २ केबीतलं सगळं पुसलं जाई आणि पुन्हा पहिली स्टेज. २००५ च्या आसपासच्या भारनियमनात सिडकोत, सातपूरला, पंचवटीत ज्यांनी हे दिवस काढले त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्याकडे भारनियमनाचं वेळापत्रक फ्रीजवर चिकटवलेलं असे आणि कॉन्ट्रा त्याच्या हिशेबानं सुरू होई.

फुंकर मारण्याबद्दल एक वाक्य लिहून मोकळा होतो: कॅसेट चाले ती फुंकरीनं नाही, काढून पुन्हा बसवल्यानं पिना नीट टेकत म्हणून, उलट थुंकीच्या ओलाव्यानं पिना गंजायच्या.

टीव्हीचाही यात हात होता. जपान-अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र काढत आणि गेम त्याच हिशेबानं लिहिलेले. आपल्याकडची पाल पद्धत ५० वेळांची. ५० च्या ठेक्यावर चालणाऱ्या सेटवर ६० साठी लिहिलेला गेम साहजिकच एक षष्ठांश संथ चालतो. अशा सेटवर शिकलेल्याला आज मोबाइलवरचा मूळ वेगाचा मारिओ अंगावर येतो, आणि त्याला वाटतं वय झालं. शिवाय जाड काचेच्या टीव्हीवर ठिपक्यांच्या कडा एकमेकांत मिसळून चित्र मऊ दिसे. सपाट स्क्रीनवर तेच ठिपके टोकदार चौकोन होतात. बदकांच्या गेमचं तर पूर्ण गणितच जुन्या टीव्हीवर उभं होतं. घोडा ओढला की स्क्रीन क्षणभर काळी होते, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या नळीतला सेन्सर बघतो की आपल्याला उजेड दिसला का. म्हणजे गोळी टीव्हीकडून बंदुकीत येते. सपाट टीव्ही चित्र दाखवायला थोडा उशीर लावतो, तेवढ्यात सगळा ठोका चुकतो. माळ्यावरची बंदूक आजच्या टीव्हीला जोडून एकही बदक पडत नसेल, तर तिला दोष देऊ नका.

आठवणीची गाळणी

मानसशास्त्रात एक चांगलं तपासलं गेलेलं निरीक्षण आहे. चाळिशी ओलांडलेल्या लोकांना आयुष्यातल्या आठवणी विचारल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर काळापेक्षा बऱ्याच जास्त निघतात. त्या वयात पहिल्यांदा घडणाऱ्या गोष्टी खूप असतात, आणि मी कोण आहे हे ठरण्याचा काळही तोच. मारिओची उडी त्या खिडकीत पडली, म्हणून टिकली.

दुसरी गोष्ट, एखादा अनुभव घेताना आपण त्याला देऊ ते गुण आणि काही काळानं आठवून देऊ ते गुण यांत फरक पडतो. बारीक त्रास गळून जातात, ठळक आनंद राहतो. सतराव्यांदा त्याच खड्ड्यात पडलो हे कुणाला आठवत नाही. अठराव्यांदा पार झालो तेव्हा सगळे ओरडले, हे आठवतं.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो तिसरा मुद्दा. इंग्लंडच्या साउदम्प्टन विद्यापीठातले कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस आणि टिम विल्डशुट यांनी लोकांच्या अशा हुरहुर लावणाऱ्या आठवणी गोळा करून तपासल्या. त्यात वस्तूंपेक्षा माणसं जास्त होती: जवळचे नातेवाईक, मित्र, आणि त्यांच्यामधे आपण स्वतः. आपल्या गेमच्या आठवणींना हे लावून बघा. मारिओ आठवतो म्हणजे शेजारच्या काकूंच्या हॉलमधला टीव्ही आठवतो, ‘एक लाइफ झाली की मला द्यायचं’ हा करार आठवतो, मे महिन्याच्या सुट्टीत आलेला मामेभाऊ आठवतो. मोबाइलवर गेम येतो, मामेभाऊ येत नाही. पाच मिनिटांत फोन खिशात जातो तो त्यामुळे.

आता गेम बनवणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघू. त्याच्यासमोर खेळणारा येतो तो डोक्यात एक गेम घेऊन: न लुकलुकणारा, न अडवणारा, प्रत्येक उडी बरोबर पडणारा. असा गेम कधीच अस्तित्वात नव्हता. तो आता बनवायचा आहे.

जुना वाटेल असा नवा गेम

अमेरिकेतल्या यॉट क्लब गेम्स या छोट्या चमूनं २०१३ मध्ये लोकवर्गणीतून तीन लाखांहून जास्त डॉलर उभे केले आणि २०१४ मध्ये शॉव्हल नाइट आणला. निन्टेंडोच्या जुन्या यंत्रावरचा गेम वाटावा हा हेतू. पण कोणते नियम पाळायचे आणि कोणते मोडायचे हे त्यांनी शिस्तीत ठरवलं, आणि नंतर उघडपणे लिहिलंही. आकृत्या लुकलुकत नाहीत. स्क्रीन आजच्या टीव्हीएवढी रुंद आहे. मागचे डोंगर वेगवेगळ्या वेगानं सरकतात, जे जुन्या यंत्राला अशा प्रमाणात झेपलं नसतं. जुन्या रंगपेटीत हवे ते रंग मिळेनात तेव्हा मोजके रंग वरून घेतले. आणि लाइफ ही भानगडच काढून टाकली: मेलात तर थोडं सोनं सांडतं, पुन्हा तिथवर पोहोचून उचलता येतं. बघणाऱ्याला वाटतं, हे तर सगळं तेव्हाचंच. तेव्हाचं असं त्यात फार थोडं आहे.

उडी ही तर स्वतंत्र विद्या आहे. मारिओत बटण टेकवलं तर छोटी उडी, दाबून धरलं तर उंच. कारण बटण दाबलेलं असेतो गेम गुरुत्वाकर्षण कमी करतो. खऱ्या जगात असं काही नसतं, तरी बोटांना ते बरोबर वाटतं. २०१८ चा सेलेस्ट हा डोंगर चढणाऱ्या मुलीचा गेम याच्या पुष्कळ पुढे जातो. कड्यावरून पाय सुटल्यावरही सुमारे सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत तो उडी मान्य करतो. जमिनीला पाय टेकायच्या किंचित आधी बटण दाबलंत, तर ते लक्षात ठेवून टेकताक्षणी उडी देतो. डोकं छताच्या कोपऱ्याला लागत असेल तर हळूच बाजूला सरकवतो. खेळणाऱ्याला यातलं काही कळत नाही. त्याला वाटतं, आपला हात बसला. बालपणीचा ‘मी भारी खेळायचो’ हा समज असा आकड्यांनी उभा केला जातो, आणि ते आकडे जुळवण्यात महिने जातात. हा गेम सुरू झाला तो पिको-८ नावाच्या मुद्दाम तोकड्या ठेवलेल्या काल्पनिक यंत्रावर, जिथे स्क्रीन १२८ बाय १२८ ठिपक्यांची आणि रंग फक्त १६. पहिली आवृत्ती दोघांनी चार दिवसांत केली होती.

स्टारड्यू व्हॅलीची गोष्ट सर्वांना सांगितली जाते आणि अर्धीच सांगितली जाते. एरिक बरोन या एका माणसानं सुमारे साडेचार वर्षं चित्रं, संगीत, प्रोग्रामिंग, संवाद सगळं एकट्यानं केलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये गेम आला. २०२४ अखेरपर्यंत ४ कोटींहून जास्त प्रती खपल्या. न सांगितला जाणारा भाग हा की त्याला त्याच्या लहानपणचा हार्वेस्ट मून हा शेतीचा गेम पुन्हा हवा होता. आणि १९९६ चा तो हार्वेस्ट मून करणारे यासुहिरो वादा मियाझाकी प्रांताच्या ग्रामीण भागातून तोक्योत आलेले. शहरात बसून त्यांना मागे राहिलेल्या गावाचा गेम करावासा वाटला. झेल्डा या गेममागे तो करणाऱ्या शिगेरू मियामोतोंचं क्योतोजवळच्या डोंगरांत, गुहांत भटकणं आहे. पोकेमॉनमागे सातोशी ताजिरींचं किडे पकडणं आहे. आपण ज्याला आपलं बालपण म्हणतो, ते मुळात कुणातरी जपानी मुलाचं बालपण होतं. आपण ते सेकंडहँड घेतलं, आणि तेही नकली कॅसेटमधून.

वेळ आणि पैसा

इथे नाशिककरांना एका आपल्या माणसाची आठवण व्हायला हवी. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले. पण चित्रपटाला पैसे कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, तो उगवताना रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि रोप भराभर वाढताना दिसणारी मिनिटभराची फिल्म लोकांना दाखवली. ती बघून कर्ज द्यायला माणसं तयार झाली. सरस्वतीबाई घरी फिल्मला भोकं पाडत आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही बघत. १९१३ मध्ये फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला.

इंडी गेमवाल्यांचा रस्ता आजही हाच आहे. त्या वाटाण्याला आता डेमो म्हणतात. आधी राखाडी ठोकळ्यांचं, चित्रं नसलेलं कच्चं रूप करायचं आणि ते खेळायला मजा येते का बघायचं. नसेल येत तर तिथेच सोडायचं. मग एक स्टेज पूर्ण सजवून लोकांसमोर ठेवायची. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर वर्षातून तीनदा डेमोंचा आठवडाभर बाजार भरतो, नेक्स्ट फेस्ट नावाचा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं राजी हा गेम करताना २०१७ मध्ये लोकवर्गणी मागितली होती, ती पुरेशी जमली नाही. तरीही ते थांबले नाहीत. पुढे प्रकाशक मिळाला आणि २०२० मध्ये गेम आला.

कागदावर एक हिशेब मांडू. हा काल्पनिक आहे, पण त्यातले दर खरे आहेत. गंगापूर रोडवरच्या एका खोलीत दोघं जण दोन वर्षं गेम करतात, घरखर्चाला प्रत्येकी महिना ४० हजार धरतात. झाले १९ लाख २० हजार. गेमची किंमत ५०० रुपये. त्यात १८ टक्के जीएसटी आलाच, तो वजा जाता उरतात सुमारे ४२४. स्टीम ३० टक्के ठेवून घेतं, हातात २९७. म्हणजे खर्च निघायला साडेसहा हजार प्रती पूर्ण किमतीला विकल्या गेल्या पाहिजेत. पण गेम बहुतेक सेलमध्ये खपतात. सगळ्या अर्ध्या किमतीत गेल्या, तर आकडा १३ हजारांवर जातो. परदेशी विक्रीत प्रतीमागे जास्त पैसे मिळतात हे खरं, पण अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला कर कापला जातो. भारत-अमेरिका कर कराराचा फायदा घेण्याचा अर्ज भरला असेल तर १५ टक्के, विसरलात तर ३०. शिवाय दोन तासांपेक्षा कमी खेळून, १४ दिवसांच्या आत कुणीही पैसे परत मागू शकतो. दीड तासाचा सुंदर गेम करणाऱ्यानं काय करायचं? याचं समाधानकारक उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

दुकानात जागा मिळणं आता कठीण नाही. २०१७ पासून प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरले की स्टीमवर गेम लावता येतो, आणि हजार डॉलरची विक्री झाली की ते परतही मिळतात. पण म्हणूनच २०२४ या एका वर्षात तिथे १८ हजारांहून जास्त गेम आले, रोजचे पन्नासच्या घरात. त्यामुळे शेवटचे सहा महिने काम कोडचं कमी आणि ओरडून सांगण्याचं जास्त असतं: ट्रेलर कापणं, दुकानाचं पान लिहिणं, यूट्यूबवाल्यांना मेल टाकणं. चांगला प्रोग्रामर इथे हमखास कंटाळतो. बरोनच्या चार कोटींच्या गोष्टीनं हे सगळं झाकून टाकलेलं असतं.

आणखी एक खास आपल्याकडची अडचण. ‘मी गेम बनवतो’ असं सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे रमी येते, मग तो बँकेतला साहेब असो की मुलीचे वडील. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा केला. त्यात ई-स्पोर्ट्स आणि साधे सामाजिक गेम वेगळे धरले आहेत. कायद्यानं तरी फरक ओळखला. मुलीच्या वडिलांना वेळ लागेल.

अवजारांच्या बाबतीत मात्र दिवस चांगले आहेत. गेम इंजिन म्हणजे चित्र दाखवणं, आवाज वाजवणं, वस्तू एकमेकांवर आदळल्या का बघणं ही सगळ्या गेमना लागणारी कामं आधीच करून ठेवलेला प्रोग्राम. युनिटी आणि अनरियल ही मोठी नावं. गोडो फुकट आणि मुक्त. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीनं प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे घेण्याचं जाहीर केलं, जगभर आरडाओरडा झाला, वर्षभरानं निर्णय मागे घेतला गेला. पण तोवर बरेच जण गोडोकडे वळले होते. साध्या लॅपटॉपवर गोडो चालतं. नवख्या मुलांना मी मोजक्या दिवसांत गेम करायच्या उपक्रमात उतरायला सांगतो, ग्लोबल गेम जॅमसारख्या. गेम वाईट होतो, पण पूर्ण होतो. स्वप्नातला महाकाव्यावरचा गेम दोन वर्षांनीही पहिल्या मेनूतच अडकलेला असतो.

आपल्या गल्लीचा गेम

मियामोतोंच्या गुहांसारखं इथल्या मुलाकडे काय आहे? माझं मत विचाराल तर पुराणकथा जरा बाजूला ठेवा. धनुष्यबाणाचे गेम पुष्कळ झाले. जुन्या नाशकात रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडी उघडतात. जमिनीखालचे दगडी हौद, रंगाच्या पाण्यानं भरलेले, आणि त्यात उंचावरून मारायचा धप्पा. उडीवर उभा राहिलेला गेम याहून आयता कुठे मिळणार? किंवा गोदावरीचा पूर. नाशिकमध्ये पूर मीटरनं सांगत नाहीत. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं, असं सांगतात. गेममध्ये धोका किती वाढला हे दाखवायला लोक कोपऱ्यात लाल पट्टी ठेवतात. इथे मारुतीच उभा आहे. घाटावरची दुकानं पाणी चढायच्या आत हलवायची, एवढ्यावर एक आख्खा गेम होईल, आणि दोघांनी मिळून खेळायचा केला तर मामेभावाचाही प्रश्न सुटेल.

फक्त तो मराठीत करायचा म्हटलं की एक वेगळंच झेंगट समोर येतं. जुन्या यंत्रात प्रत्येक अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात बसवत. इंग्रजी कॅपिटल अक्षर त्यात आरामात बसतं. आपल्याकडे शिरोरेषेची एक ओळ, वरच्या मात्रेला दोन, खालच्या उकाराला दोन. मूळ अक्षराला उरतात तीन ठिपके. त्यात ‘क’ आणि ‘फ’ वेगळे काढून दाखवावेत कुणीतरी. शिवाय पार्श्वभूमीसाठी एका वेळी २५६ च चौकोन मिळत. जोडाक्षरांनीच ते संपले असते, झाडं-विटांना काही उरलं नसतं.

ते यंत्र गेलं, पण अडचण पुरती गेली नाही. देवनागरीत टाइप करण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम वेगळा असतो. पहिली वेलांटी आपण अक्षरानंतर टाइप करतो, पण ती दिसायला हवी आधी. ही उलटापालट करणारा भाग इंजिनात असावा लागतो. युनिटीत वर्षानुवर्षं सर्रास वापरली जाणारी टेक्स्टमेश प्रो ही पद्धत स्वतःहून ते करत नाही. मग वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते आणि पडद्यावर ‘नाशिक’च्या जागी ‘नाशकि’ उमटतं. त्र्यंबकेश्वरचे तर पाय मोडून तुकडेच होतात. गोडोच्या मार्च २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत ही मांडणी आतच केलेली आहे. मराठी फॉन्ट टाकायचा आणि लिहायला लागायचं. ठिपक्यांचा फॉन्ट हवा असेल तर उंची निदान सोळा ठिपके धरा, आणि पहिल्याच दिवशी ‘त्र्यंबक’, ‘क्षितिज’ आणि ‘कार्ट्याला’ हे तीन शब्द स्क्रीनवर आणून तपासा. ते नीट दिसले तर बाकीचे दिसतील.